घरचा कलाकार

मुकुंदा,

तुझ्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा खर्च ठरवायला मंडळाची माणसे माझ्या घरी जमली, तेव्हा तुला जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. बाहेर ऑकलंडचा बारीक, तिरपा पाऊस लागला होता. कोचाच्या ज्या टोकाला तू बसायचास तिथे कोणी बसले नाही, एवढा शहाणपणा आम्ही न ठरवता दाखवला. त्यानंतर मात्र आम्ही नेहमीसारखेच वागलो.

आपला खजिनदार शैलेश लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक बाब वाचू लागला. हॉलचे भाडे. माइक आणि स्पीकर. केटरर. प्रत्येक शब्दापुढे आकडा पडत गेला. कलाकारांच्या ओळीशी येऊन तो थांबला. “इथे शून्यच ना? सगळे आपलेच आहेत.” माना हलल्या. माझीही हलली. मग कोणीतरी सुचवले, “मुकुंददादांच्या फोटोला शाल घालू या. इतक्या वेळा घातली, आता शेवटची एकदा.” त्यावर एकदोघांचे डोळे भरून आले. अध्यक्ष या नात्याने मी म्हणालो, “योग्य आहे.”

माझी मुलगी इरा चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. दुधाचे दात पडायच्या वयात मी तिला तुझ्याकडे पेटी शिकायला आणून सोडले होते. आज ती नाटकांना संगीत देते, सकाळी एका कॅफेत कॉफी करते, आणि आपण कोण असे कोणी विचारले तर न अडखळता ‘म्युझिशियन’ म्हणते. त्या कार्यक्रमात तुझ्या जागी तिने बसायचे, हे आम्ही तिला न विचारताच धरून चाललो होतो. माणसे गेल्यावर तिने कप आवरले आणि शांतपणे विचारले, “बाबा, व्हॉट्स द फी?”

“अगं, श्रद्धांजली आहे ती. काकांसाठी.”

“आय नो. म्हणूनच विचारतेय.”

“इरा, प्रत्येक गोष्टीत पैसे—”

“केटररलाही काकांबद्दल हीप्स ऑफ रिस्पेक्ट आहे, बाबा. तो फ्री जेवण देतोय का?”

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. तुझ्या तोंडून, फोनवर, काही वर्षांपूर्वी.

त्या रात्री मी गॅरेजमध्ये जाऊन मंडळाची ट्रंक उघडली. समई, रांगोळीचे डबे, गुंडाळलेला बॅनर, आणि सर्वांत खाली पारदर्शक पिशवीत ती शाल. मोरपंखी, बारीक सोनेरी काठाची. तिच्या एका टोकाला कुंकवाचा पुसट डाग आहे, कारण पहिल्या वर्षी ती तुला घालताना माझा हात ताम्हनाला लागला होता. आमच्या पाहुण्या गायकांसाठी पुण्याहून दरवर्षी नव्या शाली सामानातून येत. तुझ्यासाठी मात्र एकच होती, आणि त्याला कारण तूच होतास. पहिल्या कार्यक्रमानंतर हॉल झाडून होत होता, तेव्हा तू ती नीट चौघडी घालून माझ्या हातात परत दिलीस. म्हणालास, “ठेव. पुढच्या वेळी पुन्हा विकत आणू नका. माझ्या घरी शालींचं करायचं काय?” मला तो तुझा साधेपणा वाटला. मग दर गणपतीला, दर दिवाळीला, तीच शाल मी तुझ्या खांद्यावर घालत राहिलो आणि तासाभराने तू ती परत करत राहिलास. टाळ्या मात्र दर वेळी नव्याने वाजत. भारतातून आलेल्या गायकाला विमानाचे तिकीट, मुक्काम आणि मानधन. त्यांच्या साथीला बसणाऱ्या तुला शाल आणि नारळ. नारळही तू पूजेच्या ताटात ठेवून जायचास. यात काही विचित्र आहे, असे इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आले नाही. तू घरचा कलाकार होतास, आणि घरच्यांना काय द्यायचे असते?

आता त्या दिवाळीबद्दल. तू कधी विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. निवेदन माझ्याकडे होते. साथीदारांची ओळख करून देताना तुझ्यापाशी आलो, समोरची माणसे खुशीत होती, मलाही खुमखुमी आली. म्हणालो, “मुकुंदरावांच्या पेटीचा भाता खरं तर आमच्या स्मिता वहिनी हलवतात बरं का! हॉस्पिटलातला त्यांचा पगार बंद, तर पेटीचा आवाज बंद!” सभागृह हसले. वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या, औषध विभागातली पाळी संपवून थेट आलेल्या. त्याही हसल्या, म्हणजे त्यांचे ओठ हसले. तू त्यांच्याकडे पाहिलेस. माझ्याकडे नाही. मग भाता उघडलास आणि पहिला सूर धरलास, आणि तो सूर मी आजवर तुझ्याकडून ऐकलेल्या कोणत्याही सुरापेक्षा अधिक स्थिर होता. शेवटी मी शाल घेऊन आलो, तेव्हा तू हात पेटीवरून उचलले नाहीस. “आज नको रे. उकडतंय.” त्यावरही लोक हसले.

पुढच्या गणपतीला मी फोन केला, “येशील ना?” तू म्हणालास, “येईन की. बिल पाठवतो.” मी थट्टा समजलो. दुसऱ्या दिवशी ईमेल आली: वादनाचे इतके, दोन तालमींचे इतके, पेट्रोल वेगळे. मी लगेच तुला फोन लावला.

“अरे मुकुंदा, हे काय पाठवलंस?”

“बिल.”

“ते दिसतंय. पण आपल्या माणसांना बिल?”

“परक्यांना मी कार्यक्रम ठरायच्या आधी पाठवतो. तुम्ही आपले, म्हणून नंतर पाठवलं.”

“मंडळाकडे कुठले पैसे रे? पंधरा डॉलरच्या तिकिटात आपण जेवणसुद्धा घालतो लोकांना.”

“जेवणाचे पैसे केटरर सोडतो का?”

“तो त्याचा धंदा आहे.”

“आणि माझा?”

“तुझी कला आहे,” मी म्हणालो. आणि, मुकुंदा, मी तुझा गौरव करतो आहे असेच मला त्या क्षणी वाटत होते.

मंडळाने कुरकुरत तेवढे बिल दिले. पुढच्या सभेत ठरले की आता तयार ट्रॅकवर गाणी बसवू या, हल्ली सगळीकडे तसेच असते, तालमींचा व्यापही वाचतो. तुला बोलवायचे नाही असे कोणीही म्हणाले नाही. म्हणायची गरजच पडली नाही. मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसून पाण्याचा पेला फिरवत राहिलो. दोन वर्षे आपल्या मंचावर पेटी वाजली नाही, आणि दोन वर्षे तू दर महिन्याला माझ्याकडे चहाला येत राहिलास, कोचाच्या त्याच टोकाला बसत राहिलास, इराला बोटांखालून अंगठा कसा सरकवायचा ते दाखवत राहिलास. तू माझ्यापासून मंडळ वेगळे काढले होतेस. ते औदार्य मला परवडले, कारण त्याची किंमत मी देत नव्हतो.

त्याच काळात एकदा कामानिमित्त मी ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात गेलो होतो. कॅन्टीनच्या दाराशी पिवळे चमकते जाकीट घालून तू उभा होतास. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुला काहीच झाले नाही. “ये, ये, अविनाशराव! चहा पाजतो, पण इथला चहा पिऊन मैत्री तुटली तर मी जबाबदार नाही.” आठवड्यातले तीन दिवस तू तिथे जात होतास. माल चढवण्या-उतरवण्याला तासाचे पैसे अधिक होते. तू खोक्यांवरचे कोड वाचण्याचे काम मागून घेतले होतेस, कमी पैशांचे. बोटे पसरून मला दाखवलीस. “ही सांभाळायची तर तासाला दोन डॉलर सोडावे लागतात. मी त्याला विम्याचा हप्ता म्हणतो.” घरी येताना गाडीत मी तुझ्याविषयी हळहळत होतो. आज मला त्या हळहळीची लाज वाटते. तुला कामाची लाज नव्हती. माझी दया मात्र लाजिरवाणी होती, कारण त्या तीन दिवसांतला एखादा दिवस तरी आम्हीच तुझ्यावर लादला होता.

तू पैशात कच्चा होतास असे आम्ही सगळे गृहीत धरून होतो. कलावंत म्हटले की हात सैल, हे आम्हाला सोयीचे होते. खरे तर तू एकदाच चुकलास. इथल्या पहिल्या चांगल्या हंगामाचे सगळे पैसे तू पुण्याहून नवी पेटी करून आणण्यात घातलेस, आणि मग गेल्या वर्षाचा कर आणि येत्या वर्षाचा आगाऊ कर, दोन्हींच्या मागण्या एकदम आल्या. त्या हिवाळ्यात मनुरेवातल्या तुझ्या घरात हीटर लागला नाही, आणि तू आम्हाला सांगत राहिलास की थंडीत पेटी सुरात राहते. ते खोटे आहे, हे मला इराने नंतर सांगितले. थंडीत इथे ओल शिरते, पट्ट्या फुगतात, सूर अडकतात. तो हिवाळा तू हसून काढलास.

गेल्या हिवाळ्यातला पामर्स्टन नॉर्थचा प्रवास माझ्या मनातून जात नाही. तिथल्या विद्यापीठातली आणि हॉस्पिटलातली मोजकी मराठी कुटुंबे. त्यांनी तुला बोलावले, आणि इतक्या लांब एकट्याने गाडी नको म्हणून मी सोबत आलो. पेटी मागच्या सीटवर, पट्टा लावून. मी हसलो तर म्हणालास, “माझ्या घरात हिचं उत्पन्न सगळ्यात अनिश्चित आहे, तेव्हा तिची काळजी सगळ्यात जास्त.” तिथे पोहोचलो तशा एक डॉक्टरबाई पुढे आल्या. “मुकुंददादा, पैसे तुमच्या खात्यात सकाळीच टाकलेत. बघून घ्या, म्हणजे निवांत वाजवाल.” तू फोन न बघता मान लवून आभार मानलेस. त्या संध्याकाळी एका शाळेच्या खोलीत चाळीसेक माणसांपुढे तू जे वाजवलेस, ते आमच्या मोठ्या हॉलमध्ये मी कधी ऐकले नव्हते. मला वाटले होते की ते तुझ्या मनःस्थितीवर असते. आता वाटते, तिथे कोणी तुझ्यावर उपकार करत नव्हते आणि तूही कोणावर करत नव्हतास. एवढ्याने हात किती मोकळे होतात, याची मला कल्पना नव्हती.

परतताना टायहापेला थांबलो. तू गरम चिप्स मागवल्यास आणि फोनवर अंगठ्याने ते मानधन वाटू लागलास. एक तृतीयांश एका खात्यात. “हे माझे नव्हेत. सरकारचे. रात्रभर माझ्याकडे मुक्कामाला होते.” मग एक भाग ज्या खात्यात टाकलास, त्याचे नाव ‘जानेवारी’ होते. मी विचारले, हे काय? “जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी, सगळा देश रबरी जँडल्स घालून समुद्रावर असतो. पेटी कोणाला हवी? शिकवण्याही बंद. माझं वर्ष गणपतीला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. सरकारचं वर्ष मार्चअखेर. मधल्या खड्ड्यात मी हे भरून ठेवतो.” उरलेल्यातून मोठा वाटा घरखर्चाच्या खात्यात गेला, तुझ्या आणि वहिनींच्या. तो आकडा मी पाहिला. तू मुद्दाम दाखवला नाहीस. फोन टेबलावरच होता. महिन्याच्या भाड्याचा जवळजवळ निम्मा भाग होता तो. तिसऱ्या रांगेतले वहिनींचे हसू माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

“मुकुंदा, त्या दिवाळीला मी स्टेजवरून जे—”

“चिप्स गार होतायत. खा.”

तू मला थांबवलेस की वाचवलेस? की खरोखरच चिप्स गार होत होत्या? मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. पुढचा सगळा रस्ता मी तुझ्याशी जुनाच वाद घालत आलो, कारण तो मला पाठ होता. “पूर्णवेळ नोकरी घे रे. शनिवार-रविवार वाजव, कोण नाही म्हणतं?” तू विचारलेस, “तू पूर्णवेळ नोकरी करतोस ना? शनिवार-रविवारी काय करतोस?” मी म्हणालो, “लॉन कापतो.” “बघ,” तू म्हणालास, “मीही लॉनच कापेन.” आपण दोघेही पोट धरून हसलो. वाद तिथेच राहिला. तो पुढे चालवायला तू परत येशील, असे मी धरून चाललो होतो.

आणखी एक वाद होता. इरा स्वतःची पेटी मागू लागली, तेव्हा तू तुझ्या दोनपैकी एक तिला दिलीस. पण विकत, हप्त्याने. मी दुखावलो. “मुलीसारखी ना ती तुला?” तू म्हणालास, “म्हणूनच. फुकट दिली तर ती माझी पेटी जपत बसेल. विकत घेऊ दे, म्हणजे स्वतःची वाजवेल.” प्रत्येक कार्यक्रमाच्या कमाईतून आधी कराचा भाग, मग भाडे, मग तुझा हप्ता, हा क्रम तू तिच्या अंगी मुरवलास. तिची बिले कशी लिहायची हेही तूच शिकवलेस. मी तुला एकदा चिडून म्हणालो होतो, “तू माझ्या मुलीला दुकानदार करतोयस.” तू रागावला नाहीस. फक्त म्हणालास, “तिला तुझ्यासारखी माणसं भेटणार आहेत, अविनाश.” मला तेव्हा ती कौतुकाची गोष्ट वाटली. नंतर कितीतरी दिवसांनी अर्थ लागला, आणि तोही दाढी करताना, अचानक.

तुझ्या जाण्याचा दोष मी स्वतःवर घेत नाही. तेवढी महत्ता माझी नाही. हृदय थांबले, चहाचे आधण चढवताना, कोणालाही हाक मारायला वेळ न देता. पण पुण्याला फोन करून तुझ्या आईला कळवण्याचे काम वहिनींनी माझ्यावर सोपवले, आणि ऐकून झाल्यावर आईंनी एवढेच विचारले, “तो मागे कधी आला होता हो? तुम्हाला आठवतं का?” मला आठवत होते. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू गेला नव्हतास. तिकिटे महाग आहेत म्हणाला होतास. आमच्या त्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांच्या मानधनातून ते तिकीट निघाले असते का, हा हिशेब मी आता करून पाहिला आहे. निघाले असते.

म्हणून इराच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा सगळ्यांना बोलावले. “कलाकारांच्या ओळीत आकडा घालायचा आहे,” मी म्हणालो. शैलेशने चष्मा काढला. वाईट माणूस नाही तो, तू जाणतोस. तुझ्या घरी पहिल्या दिवशी सगळ्यांची भांडी त्यानेच घासली.

“अविनाशदादा, भावना समजते. पण पैसे आणायचे कुठून? खात्यात आहे ते एवढंच.”

“जेवण काढून टाकू.”

सगळ्यांनी एकमेकांकडे असे पाहिले की तू असतास तर तुला हसू आवरले नसते.

“जेवण नाही?” कोणीतरी विचारले. “मग लोक येतील कसे?”

“चहा-चिवडा देऊ.”

“श्रद्धांजलीला चिवडा?”

“मग नुसता चहा.”

“दादा, लोक नावं ठेवतील हो. मुकुंददादांच्या कार्यक्रमाला उपाशी पाठवलं म्हणतील.”

“मुकुंदाला आपण पंधरा वर्षं तसंच पाठवत होतो,” मी म्हणालो. माझा आवाज चढला नाही. तो चढत नाही, हेच माझे आयुष्यभराचे दुखणे आहे. पण या वेळी मी पेला फिरवत बसलो नाही. तिकिटाचे पैसे तेवढेच राहतील, जेवण नसेल, तबल्याला, गायिकेला आणि पेटीला ठरलेले मानधन कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खात्यात जमा होईल, आणि हे जमत नसेल तर मी अध्यक्ष राहणार नाही, असे सांगितले. शैलेशने लॅपटॉप ओढून घेतला. “किती लिहू?” मी म्हणालो, “मला नाही माहीत. त्यांना विचारावं लागेल.” इतक्या वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होतो.

इराने मला बिल पाठवले. बाबांना नाही, मंडळाच्या अध्यक्षांना. वादन, दोन तालमी, पेट्रोल. तुझ्या त्या बिलाहून एका ओळीचाही फरक नव्हता.

कार्यक्रमाला माणसे नेहमीपेक्षा कमी आली, पण अगदीच कमी नाही. मी त्याच माइकसमोर उभा राहिलो जिथून तो विनोद केला होता. मी बरेच काही लिहून नेले होते: तुझी क्षमा मागणारा एक परिच्छेद, वहिनींची मागणारा दुसरा. वहिनी पुन्हा तिसऱ्या रांगेत होत्या. कागदाकडे पाहताना वाटले, हे मी तुझ्यासाठी वाचणार की टाळ्यांसाठी? मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि इतकेच म्हणालो, “आजच्या सर्व कलाकारांना मंडळाने मानधन दिले आहे. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला देईल.” कोणी टाळी वाजवली नाही. पगार झाला म्हणून कोण टाळ्या वाजवतो? ते बरोबरच होते. मग इराने भाता उघडला. तुझ्यासारखे वाजले का, असे नंतर तिला कोणीतरी विचारले. “नो,” ती म्हणाली, “माझ्यासारखं.”

क्षमा मी वहिनींजवळ मागितली, पार्किंगमध्ये, माइक नसताना. त्यांनी ऐकून घेतले. “त्या रात्रीचं सांगते,” त्या म्हणाल्या. “घरी आल्यावर म्हणाला, उद्यापासून मी बिल पाठवणार. मला वाटलं राग आहे, जाईल. राग गेला हो भावोजी, बिल राहिलं.” मग किंचित हसून: “आणि त्याला बिचारा म्हणू नका कोणी. जानेवारी भरून ठेवलाय त्याने. पुढचासुद्धा.”

मी शालीची पिशवी त्यांच्यापुढे केली. फोटोला घालू दिली नव्हती. त्यांनी कुंकवाच्या डागावरून बोट फिरवले आणि मान हलवली. “मी काय करू हिचं?” अगदी तुझ्याच स्वरात.

तेवढ्यात इरा पेटी घेऊन आली. ती गाडीच्या उघड्या डिकीत, आडोशाला टेकवून तिने फोन काढला, अंगठ्याने काहीतरी दाबले, आणि वहिनींच्या पर्समध्ये बारीकसा टुणकन आवाज झाला.

“काकू, पेटीचा लास्ट हप्ता. आजच्या फीमधून.”

वहिनींनी फोन डोळ्यांजवळ धरून नीट पाहिले. त्यांनी ‘कशाला ग’ म्हटले नाही, ‘राहू दे’ म्हटले नाही. त्या तुझ्या बायको आहेत. “आला,” त्या म्हणाल्या. “आता ती तुझी.” आणि मग त्यांना रडू कोसळले, तू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यादेखत, आणि इरा त्यांना धरून पावसात उभी राहिली. ही फी शून्य राहिली असती तर हा हप्ताही राहिला असता. मी एवढाच विचार करू शकत होतो.

मुकुंदा, हे सगळे लिहिताना एक शंका मला सोडत नाही: हा लेखही एक शालच तर नाही? तुझ्या खांद्यावर घालून, तासाभराने मीच घडी घालून परत घ्यायची? मला ठाऊक नाही. तू वाचला असतास तर म्हणाला असतास, शब्द बरे आहेत, पण पुढच्या गणपतीच्या साथीदारांचे ठरवलेत का? ठरवले आहे. तेवढे मी सांगू शकतो.

निघताना इराने पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा ओढला. तो लाकडाला घासत होता. तिने इकडेतिकडे पाहिले, माझ्या हातातल्या पिशवीतून तुझी शाल काढली, दुहेरी करून पेटीवर पांघरली आणि मग त्यावरून पट्टा लावला. या वेळी ती कोणी परत केली नाही. हॉलपासून घरापर्यंत मी गाडी सावकाश चालवली.